थांबायची जागाच ठेवलेली नाही: अ‍ॅप्स आपल्याला धरून कशी ठेवतात?

अर्धविराम

मोबाईलच्या नादावर इथे आधी बरेच धागे येऊन गेलेत. बहुतेकांचा शेवट 'मनावर ताबा हवा' यावर होतो, सगळे एकमेकांना +१ देतात आणि परत फोनमध्ये डोकं घालतात. म्हणून या धाग्यात मनाचा ताबा बाजूला ठेवू. मला बोलायचंय ते पडद्यावर काय कुठे ठेवलंय आणि ते तिथेच का ठेवलंय याबद्दल.

माझं म्हणणं असं की अ‍ॅप आपल्याला ओढून घेतं ही निम्मीच गोष्ट झाली. आत आल्यावर थांबायच्या जागा एकेक करून काढून टाकलेल्या असतात, हे त्याहून मोठं काम.

स्क्रोलपासून सुरू करतो. पूर्वी कुठल्याही साइटवर यादी संपली की तळाला पानांचे आकडे असायचे: १, २, ३, पुढे. त्या 'पुढे'वर क्लिक करताना क्षणभर का होईना, 'अजून बघायचंय का?' असा प्रश्न पडायचा. २००६ मध्ये अझा रास्किन या डिझायनरने न संपणारा स्क्रोल बनवला. हेतू साधा होता, माणसाला उगाच क्लिक करायला लावू नये. आपण तळाशी पोचायच्या आतच पुढचा मजकूर येऊन बसतो, त्यामुळे तो प्रश्न पडायची वेळच येत नाही. पुढे रास्किनने याबद्दल जाहीरपणे खंत व्यक्त केली. पण खरं सांगायचं तर त्याने काही वाईट बनवलं नव्हतं. शेकडो फोटोंतून एक शोधायचा असेल तर हीच गोष्ट किती सोयीची आहे! सोय कुठे संपते आणि सापळा कुठे सुरू होतो ते कोडकडे बघून सांगता येत नाही, म्हणून हा विषय अवघड.

ऑटोप्लेचंही तेच. नेटफ्लिक्सने २०१२ मध्ये एक भाग संपला की पुढचा आपोआप लावायला सुरुवात केली. कोपऱ्यात सेकंद उलटे मोजले जातात. आधी पुढचा भाग बघायला बटण दाबावं लागायचं, आता न बघण्यासाठी दाबावं लागतं. आपण काहीच केलं नाही तर काय होणार, एवढंच फक्त बदललं. आणि रात्री अकराला दमलेला माणूस काय करतो? काहीच करत नाही. त्यांचे तेव्हाचे प्रमुख रीड हेस्टिंग्ज २०१७ मध्ये म्हणाले होते की आमची स्पर्धा लोकांच्या झोपेशी आहे. हसत म्हणाले असतील, पण म्हणाले.

सगळ्यात बोलकं उदाहरण इन्स्टाग्रामचं. २०१८ मध्ये त्यांनी फीडमध्ये, म्हणजे एकाखाली एक येणाऱ्या पोस्टच्या यादीत, एक खूण आणली. गेल्या दोन दिवसांतलं तुमच्या ओळखीच्यांचं सगळं बघून झालं की हिरवी बरोबरची खूण आणि 'तुमचं सगळं बघून झालंय' असा मजकूर. म्हणजे थांबायची जागा परत आणली! कौतुकही झालं. मग २०२० मध्ये त्याच खुणेच्या खाली, तुम्ही ज्यांना फॉलोही करत नाही अशा लोकांच्या 'सुचवलेल्या' पोस्ट सुरू झाल्या. खूण राहिली, फक्त आता ती मध्येच कुठेतरी येते.

तुमच्या पाहण्यातल्या अशा क्लृप्त्या लिहा. 'फोन फेकून द्या' हा सल्ला कृपया नको, तो सगळ्यांना तोंडपाठ आहे.

खारूताई

मस्त धागा, वाचतेय. ती हिरवी खूण मला आठवते, आणि तिला अर्थ उरला नाही हे कधी लक्षातच आलं नव्हतं!

माझ्याकडून लाल ठिपका. सुरुवातीला लाल ठिपका म्हणजे कुणीतरी माणसाने आपल्याला काहीतरी पाठवलंय असा सरळ हिशोब होता. आता माझ्या एका अ‍ॅपमध्ये घंटीवर तीन दिसतात म्हणून उघडावं, तर एक 'अमुक व्यक्तीला तुम्ही ओळखत असाल', दुसरं 'तमुकने बऱ्याच दिवसांनी पोस्ट केली', तिसरं त्या अ‍ॅपचंच नवं फीचर. तिन्हीत माझ्याशी कोणीही बोललेलं नाही. खऱ्या निरोपाचा आणि जाहिरातीचा ठिपका हुबेहूब एकसारखा, त्यामुळे उघडल्याशिवाय कळतच नाही. आणि उघडलं की त्यांचं काम झालं.

ढोबळ

लेख चांगला उतरलाय, पण मला यात नवीन काही दिसत नाही. वर्तमानपत्रात 'क्रमशः' छापणारे काय वेगळं करत होते? प्रकरणाच्या शेवटी नायकाला कड्यावर लोंबकळत ठेवणं हा लेखकांचा जुनाच धंदा. टीव्हीवाले जाहिरातीच्या आधी नेमके दचकवतात. लक्ष वेधून घेणं हा गुन्हा असेल तर सगळे कीर्तनकारही आत जातील.

प्रत्येक पिढीला आपल्या काळातलं यंत्र सैतानी वाटतं. बंद करायचं बटण आहे की.

अर्धविराम

ढोबळ, बटण आहेच. पण 'क्रमशः'नंतर पुढच्या अंकापर्यंत थांबावं लागायचं, ते तुम्ही सोयीस्कर विसरलात :-) शिवाय कादंबरी छापली की छापली. मी कुठल्या पानावर रेंगाळलो हे बघून ती रातोरात स्वतःला बदलत नव्हती.

निळी_शाई

बरीच वर्षं इथे नुसती वाचक आहे, या धाग्यामुळे लिहावंसं वाटलं. मी याच कामात आहे, अ‍ॅपच्या प्रॉडक्ट टीममध्ये. कंपनी विचारू नका.

पहिली गोष्ट म्हणजे 'लोकांना व्यसन लावू या' असं मीटिंगमध्ये कोणीही म्हणत नाही. तिथे आकडे असतात. रोज किती जण येतात, महिन्याला किती येतात, या दोन्हींचं गुणोत्तर काय. नवीन माणूस दुसऱ्या दिवशी परत आला का, सातव्या दिवशी, तिसाव्या दिवशी. याला रिटेन्शन म्हणतात. सगळ्यांच्या तोंडी एकच उपमा असते, भोक पडलेली बादली: वरून कितीही माणसं ओता, खालून गळत असतील तर जाहिरातीवरचा खर्च वाया. मग जो तो भोकं बुजवायला लागतो, आणि यात कुणालाच काही गैर वाटत नाही.

दुसरी गोष्ट, ढोबळ यांच्यासाठी. लेखक एक शेवट लिहितो. आमच्याकडे एका बटणाची दोन रूपं केली जातात, काही लाख लोकांना एक दिसतं, काही लाखांना दुसरं. दोन आठवड्यांनी ज्याचे आकडे बरे ते राहतं, दुसरं जातं. अशा चाचण्या एका वेळी कितीतरी चालू असतात. त्यातली एखादी क्लृप्ती नेमकी का चालली हे आम्हालाही पुष्कळदा माहीत नसतं. ती चालली, म्हणून राहिली. कोणी कपटी माणूस कोपऱ्यात बसून जाळं विणतोय असं चित्र असतं तर सोपं होतं, त्याला काढून टाकता आलं असतं. इथे चाळणीच अशी आहे की चिकट तेवढंच वर राहतं.

आणि 'तासभर घालवल्यावर माणसाला कसं वाटलं' हा रकाना त्या तक्त्यात नसतो. मोजायला अवघड म्हणून नसतो, लपवायचं म्हणून नाही. परिणाम तोच.

एक छोटी गोष्ट जवळून दाखवते. नवीन अ‍ॅप टाकलं की एक सुंदर चित्र येतं: 'महत्त्वाचं काही चुकू नये म्हणून सूचना चालू करायच्या?' खाली मोठं रंगीत बटण 'हो, चालू करा' आणि त्याखाली बारीक, फिकट अक्षरांत 'नंतर'. हे चित्र फोनचं नाही, अ‍ॅपचं आहे. फोनची खरी परवानगीची चौकट वेगळी. आयफोनवर ती चौकट एकदाच दाखवता येते, एकदा 'नाही' म्हटलं की अ‍ॅपला पुन्हा विचारता येत नाही, तुम्हालाच सेटिंगमध्ये जाऊन बदलावं लागतं. अँड्रॉइडवर २०२२ पर्यंत विचारावंच लागत नव्हतं, अँड्रॉइड १३ पासून लागतं. मग ती मौल्यवान संधी वाया जाऊ नये म्हणून आधी आपलं चित्र दाखवून चाचपणी करायची. 'हो' म्हणालात तरच खरी चौकट पुढे येते. 'नंतर' म्हणालात तर ती जपून ठेवली जाते आणि तुम्ही खूश असाल अशा क्षणी, म्हणजे पहिला लाइक आला, पहिली ऑर्डर पोचली, पहिली पातळी जिंकली, की परत विचारलं जातं. म्हणून त्या चित्रात 'नाही' असं बटण बहुधा नसतंच. 'नंतर' असतं.

खारूताई

बापरे. ते चित्र मी फोनचंच समजत होते!

ढोबळ

निळी_शाई, प्रतिसाद आवडला, मान्य करायला हरकत नाही. पण तुमच्याच बोलण्यातून निघतं की यात कुणाचा दोष नाही. मग ओरड कशाची?

निळी_शाई

दोष नाही असं मी म्हटलं नाही, कपट नाही म्हटलं. काय मोजायचं ते कोणीतरी ठरवतंच ना? ते ठरवणारी खुर्ची रिकामी नसते.

न्यूरॉन

डोपामिन या मेंदूतल्या रसायनाचं नाव अजून कसं निघालं नाही याचंच आश्चर्य वाटतंय. निघायच्या आधी मीच काढतो, कारण या विषयावरच्या दहापैकी नऊ लेखांत ते चुकीचं सांगितलेलं असतं.

'लाइक आला की डोपामिन सुटतं, म्हणून छान वाटतं' हे फारच बाळबोध झालं. मेंदूचे अभ्यासक वुल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर केलेले प्रयोग बघा. माकडाला अचानक रस मिळाला की डोपामिनच्या पेशी पेटतात. रसाच्या आधी दर वेळी दिवा लावत गेलं की काही काळाने त्या दिव्यालाच पेटतात, रस मिळताना विशेष काही होत नाही. आणि दिवा लागूनही रस आला नाही तर नेहमीपेक्षाही मंदावतात. म्हणजे हा सगळा अपेक्षेचा हिशोब आहे. २००३ मध्ये त्यांच्याच गटाने दाखवलं की रस मिळणार की नाही हे अगदी अर्धं-अर्धं अनिश्चित असेल, तेव्हा दिवा आणि रस यांच्या मधल्या वेळात या पेशींची हालचाल सर्वांत जास्त चढत जाते.

आता फीड वरून खाली ओढून सोडण्याची ती क्रिया आठवा. बोट सोडल्यापासून नवीन काही येईपर्यंतचा तो गोल फिरणारा क्षण. काही आलं असेल, कदाचित नसेल. ही क्रिया लॉरेन ब्रिक्टर नावाच्या प्रोग्रामरने 'ट्वीटी' या अ‍ॅपमध्ये आणली, पुढे ते अ‍ॅप ट्विटरने २०१० मध्ये विकत घेतलं. आजच्या फोनला आपण ओढायची खरं तर गरज नाही, नवीन मजकूर आपोआप येऊ शकतो. तरी ती क्रिया टिकून आहे.

याच्याही आधीचं म्हणजे मानसशास्त्रज्ञ स्किनर यांचं काम. फर्स्टर आणि स्किनर यांनी १९५७ मध्ये कबुतरांवरचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. बटणावर चोचीने मारलेल्या दर ठरावीक टोचांनंतर दाणा दिला तर कबूतर दाणा मिळाल्यावर जरा थांबतं. किती टोचांनंतर मिळेल याचा नेमच नसेल तर ते न थांबता टोचत राहतं, आणि दाणे बंद केले तरी लवकर सोडत नाही. अर्धविराम यांचा थांब्याचा मुद्दा इथे येऊन जुळतो. नियमित बक्षिसात नैसर्गिक विराम आहे, अनियमितात नाही.

एक मात्र ढोबळ यांच्या बाजूने. 'व्यसन' हा शब्द वैद्यकीय अर्थाने जपून वापरा. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात गेम खेळण्याच्या विकाराला जागा आहे, सोशल मीडियाला तशी स्वतंत्र नाही. आणि २०१९ मध्ये ऑर्बेन आणि प्रिबिल्स्की या संशोधकांनी लाखो किशोरवयीनांची माहिती तपासली तेव्हा तंत्रज्ञानाचा वापर आणि मुलांचं एकूण बरं वाटणं यांचा संबंध फारच क्षीण निघाला, मुलामुलांच्या बरं वाटण्यात जो फरक असतो त्यातला जेमतेम ०.४ टक्का त्याने समजावता येतो. त्यावर वाद आहेत, पण 'पिढी बरबाद झाली' असं म्हणण्याआधी तो आकडा माहीत असावा.

ढोबळ

चला, कोणीतरी आमच्याही बाजूने बोललं. ०.४ टक्के!

अर्धविराम

न्यूरॉन, धन्यवाद, हे फार उपयोगी. पण ढोबळ, सरासरी बरं वाटण्यावर परिणाम नाही म्हणून माझा रात्रीचा तास परत मिळाला का? माणूस दुःखी न होताही त्याचा वेळ जाऊ शकतो. माझी तक्रार वेळेची आहे.

पाचवा_गिअर

गेमवाल्यांची हजेरी लावतो. धागाकर्त्याच्या सिद्धांताला छेद देणारं उदाहरण आहे.

कँडी क्रशमध्ये पाच जीव मिळतात. हरलात की एक जातो. पाचही गेले की खेळ बंद! एक जीव परत यायला ३० मिनिटं. म्हणजे अ‍ॅपच तुम्हाला उठवून बाहेर काढतंय. थांबायची जागा मुद्दाम बांधलेली आहे, आणि तरी हा गेम जगात सगळ्यात जास्त खेळल्या गेलेल्या गेमांपैकी एक. आता बोला.

अर्धविराम

हं. चांगलं कोंडीत पकडलंत.

विचार केल्यावर असं वाटतं की तो थांबा माझ्या सोयीने आलेला नाही. पातळी जिंकून समाधानाने उठलो तर तो माझा थांबा. इथे अगदी एका चालीने हरल्यावर, मनात ती चाल घोळत असताना दार बंद होतं. आणि परत यायची वेळ ठरवून दिलेली असते. अर्ध्या तासाने डोक्यात घंटा वाजते, फोनवर वाजायच्या आधी. नाहीतर पैसे भरा किंवा मित्राकडे जीव मागा, म्हणजे मित्रही आत. तेव्हा सिद्धांत जरा दुरुस्त करतो: आपला थांबा काढून टाकतात, आणि कधी कधी त्या जागी त्यांचा बसवतात.

पाचवा_गिअर

पटलं. 'एका चालीने हरणं' यावर आणखी एक. थोडक्यात हुकणं हे हरण्यासारखं वाटत नाही, जवळजवळ जिंकल्यासारखं वाटतं. जुगाराच्या यंत्रांवरच्या संशोधनात हे फार आधीपासून माहीत आहे. तिथे तीन सारखी चित्रं लागायची तर दोन लागून तिसरं जरासं वर अडकलेलं दिसतं, आणि माणूस नाणं काढायला खिशात हात घालतो.

माझी_लेक_सातवीत

मी यातली जाणकार नाही, पण घरात रोज चाललेलं सांगते. लेकीचं आणि तिच्या मैत्रिणीचं एका अ‍ॅपवर रोज एकमेकींना फोटो पाठवायचं चालतं. रोज पाठवला की आकडा वाढतो, एक दिवस चुकला की शून्य. फोटो कशाचे? छताचे, भिंतीचे, अर्ध्या कपाळाचे! विचारलं तर म्हणते, "आई, बघत कोणीच नाही गं, पण तुटायला नको." मुदत संपत आली की नावाशेजारी वाळूचं घड्याळ येतं आणि ही जेवणावरून उठते. मी फोन काढून घेतला तर हिचं नुकसान एक वेळ चालेल, पण मैत्रिणीचाही आकडा माझ्यामुळे जातो आणि ती रुसते. मला कळत नाही यात रागवू कोणावर.

निळी_शाई

ताई, तुम्ही जाणकार नाही म्हणता आणि धाग्यातलं सगळ्यात धारदार उदाहरण देता.

एकट्याची रोजची साखळी असते ना, भाषा शिकायच्या, व्यायामाच्या अ‍ॅपमध्ये, तिथे माणूस स्वतःलाच गमावल्याचं दुःख देतो. कानेमान आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये मांडलं होतं तेच, की मिळवण्याच्या आनंदापेक्षा गमावण्याचा चटका जास्त. आकडा जितका मोठा, तितकी तो सोडायची किंमत मोठी. पण दोघांची साखळी केली की त्यात मैत्री तारण ठेवली जाते. आता अ‍ॅप सोडणं म्हणजे मैत्रिणीला दुखावणं. अ‍ॅपने काहीही न करता दोन मुली एकमेकींना रोज आत ओढून आणतात.

व्हॉट्सअ‍ॅपच्या निळ्या खुणाही याच जातीच्या. २०१४ च्या नोव्हेंबरात आल्या तेव्हा किती आरडाओरडा झाला आठवत असेल, आठवडाभरात बंद करायची सोय द्यायचं काम सुरू झालं. वाचलं हे समोरच्याला कळतं म्हणून लगेच उत्तर द्यावं लागतं, उत्तर दिलं की समोरच्याला द्यावं लागतं.

खारूताई

पण साखळी सरसकट वाईट नाही हं. भाषेच्या अ‍ॅपवरच्या साखळीमुळेच मी कंटाळ्याच्या दिवशीही बसते.

न्यूरॉन

खरंय. कसोटी एवढीच लावायची की साखळी नेमकं काय मोजते. शिकण्याचं काही मोजत असेल तर ठीक. सगळ्यात सोपा धडा अर्ध्या मिनिटात उरकूनही आकडा वाढत असेल, तर ती अ‍ॅप उघडण्याची साखळी झाली.

वकीलपत्र

कायद्याचं कोणी विचारलं नाही तरी थोडक्यात. युरोपियन महासंघाच्या डिजिटल सेवा कायद्याच्या २५व्या कलमात वापरणाऱ्याला फसवणारी किंवा त्याची निवड वाकवणारी रचना प्लॅटफॉर्मना मना आहे. शिवाय फार मोठ्या प्लॅटफॉर्मनी, तुमच्या वागण्याची कुंडली न मांडता तयार केलेलं फीड निवडायची सोय दिली पाहिजे. याच कायद्याखाली २०२४ मध्ये टिकटॉक लाइटची, व्हिडिओ बघण्याबद्दल गुण देणारी योजना चौकशीत सापडली आणि कंपनीला ती महासंघात कायमची मागे घ्यावी लागली.

भारतात नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा १३ क्लृप्त्यांची यादी करून त्यांना मनाई केली. पण ती यादी बघा: खोटी घाई, गुपचूप टोपलीत टाकलेली वस्तू, वर्गणी रद्द करण्यात अडथळे. बहुतेक सगळ्या पैसे काढणाऱ्या क्लृप्त्या आहेत. पैसे गेले की नुकसान सिद्ध करता येतं. वेळ गेला याची पावती नसते, म्हणून कायदा तिथे अजून चाचपडतोय. 'न संपणारा स्क्रोल म्हणजे फसवणूक' असं कोर्टात उभं राहून सांगून बघा, समोरचा विचारेल, "फसवलं कोणी? बोट तुमचंच होतं."

ढोबळ

तेच तर मी पहिल्यापासून म्हणतोय!

माझी_लेक_सातवीत

ते सगळं ठीक, पण आज काय करू? सेटिंगमध्ये करता येण्यासारखं काही असेल तर सांगा ना कोणीतरी.

निळी_शाई

करता येण्यासारखं आहे. मी स्वतः काय ठेवलंय ते सांगते.

ऑटोप्ले दिसेल तिथे बंद. एवढ्यानेच सगळ्यात जास्त फरक पडतो, कारण थांबा परत येतो. यूट्यूब, नेटफ्लिक्स दोन्हीकडे सोय आहे, जरा आत दडलेली.

सूचना फक्त माणसांच्या. अँड्रॉइडवर नको असलेली सूचना आली की तिच्यावरच बोट दाबून धरा, त्या अ‍ॅपच्या सूचनांचे प्रकार दिसतात. निरोप चालू ठेवा, 'शिफारसी', 'तुमच्यासाठी', 'ऑफर' बंद. आयफोनवर कमी महत्त्वाच्या सूचना ठरावीक वेळी एकगठ्ठा मिळतील असं करता येतं. इथे एक लबाडी लक्षात ठेवा. हे प्रकार अ‍ॅप बनवणारेच पाडतात, आणि काही जण जाहिरात आणि कामाची सूचना मुद्दाम एकाच प्रकारात कोंबतात. जाहिरात बंद करायला गेलात की कामाचंही बंद. असं अ‍ॅप दिसलं की मी सगळंच बंद करते आणि काम असेल तेव्हा आपणहून उघडते.

अ‍ॅपऐवजी ब्राउझर. फीडवाली अ‍ॅप्स काढून तीच साइट ब्राउझरमध्ये उघडायची, काम झालं की लॉगआउट. पासवर्ड टाकताना जे पाच-दहा सेकंद जातात ना, त्यातच बऱ्याचदा कळतं की काही कामच नव्हतं.

पडदा काळा-पांढरा करणं मला फारसं जमलं नाही, फोटो बघायला रंग लागतातच. आणि वेळेची मर्यादा लावणारी ती सोय २०१८ पासून दोन्हीकडे आहे, पण आयफोनवर मर्यादा संपल्यावर येणाऱ्या चौकटीत 'दुर्लक्ष करा' इतकं हाताशी असतं की बोट तिकडे आपोआप जातं.

न्यूरॉन

यात भर. २०१८ मधल्या अमेरिकन निवडणुकांच्या आधी काही अर्थशास्त्रज्ञांनी लोकांना पैसे देऊन चार आठवडे फेसबुक बंद करायला लावलं होतं. दिवसाला सरासरी तासभर मोकळा झाला. बरं वाटण्यात थोडीशीच वाढ झाली, बातम्यांची माहिती कमी झाली. पण प्रयोग संपल्यावर, परत यायची पूर्ण मुभा असतानाही, त्यातले बरेच जण आधीपेक्षा कमी वापरू लागले. म्हणजे आधीचा वापर पूर्णपणे आवडीतून होता असं म्हणणं कठीण आहे. ढोबळ, याचं काय करायचं?

ढोबळ

विचार करून सांगतो. सवय मोडली की इच्छाही कमी होते हे खरं, पण ते वर्तमानपत्राच्याही बाबतीत होतं.

पाचवा_गिअर

अवांतर: हे संस्थळ अजूनही प्रतिसादांची पानं पाडतं आणि तळाला आकडे दाखवतं. मालक, रूप बदलायच्या नादात तेवढं काढू नका. कितीदा तरी पान संपलं म्हणूनच मी झोपायला गेलोय.

अर्धविराम

+१ त्याला.

निळी_शाई, एक प्रश्न. कंपनीने स्वतःहून थांबे परत आणले असं कधी होतं का?

निळी_शाई

होतं, दबाव आला की. २०१८ च्या सुरुवातीला फेसबुकने व्हायरल व्हिडिओ कमी दाखवायला लागल्याचं जाहीर केलं आणि त्यामुळे लोकांचा रोजचा एकूण वेळ सुमारे ५ कोटी तासांनी घटला असं स्वतः सांगितलं. एवढा वेळ एका बदलाने कमी होऊ शकतो, याचा अर्थ आधी तो कशाने वाढला होता ते तुम्हीच लावा. पण त्याच सुमारास केलेल्या आणखी एका बदलात ओळखीच्यांच्या वादावादीला, कमेंटींना जास्त वजन मिळालं, आणि त्याचे वेगळे प्रताप पुढे बाहेर आले. एक आकडा दाबला की दुसरीकडे फुगतो.

आमच्या टीममध्ये एकदा कोणीतरी सुचवलं होतं की महिन्यातून एकदा लोकांनाच विचारू, 'आज इथे घालवलेला वेळ वसूल झाला का?' छोटी चाचणी झाली. प्रश्न विचारला की लोक अ‍ॅप बंद करून जायचे, म्हणून तो काढला.

माझी_लेक_सातवीत

निळी_शाई, यादीबद्दल आभार, ऑटोप्ले आताच बंद केला. साखळीचं मात्र दोघींच्या आयांनी मिळून ठरवावं लागेल असं दिसतंय. मैत्रिणीच्या आईला फोन करते. दोघींना एकाच दिवशी तोडायला सांगितलं तर कोणी कोणावर रुसायला नको, बरोबर ना?

निळी_शाई

बरोबर. फक्त तोडल्यावर काही अ‍ॅप्स साखळी परत जोडून द्यायची सोय देतात, कधी फुकट, कधी पैसे घेऊन. ती चौकट आली तर काय करायचं ते दोघींशी आधीच बोलून ठेवा.